सायराबाईंना पाणी कडू लागलं

पैज लागली ती चार्जिंगच्या बाकावर.

फैजपूर रोडवरच्या त्या कॉलनीत पूर्वी लोक गिरणीपाशी जमायचे. गिरणी बंद पडली आणि तिच्या जागी गाड्या चार्ज करायचे खांब उभे राहिले. गाडी लावायची आणि बाकावर बसून राहायचं. आता माणूस नुसता बसला की कुणाचं तरी काढतोच. त्या दिवशी सायराबाई तडवींचं निघालं.

"त्या बाईला ना," युवराज फेगडे म्हणाला, "फिल्टरचं साधं पाणी दिलं तरी ती कडू म्हणेल."

"नाही म्हणणार," मधुकर धांडे म्हणाला.

"लाव पैज."

"लावली. काय द्यायचं?"

"हरेल त्याने कारलं खायचं. कच्चं, देठासकट. इथंच, रविवारच्या बाजाराच्या वेळी, सगळ्यांसमोर."

बाकावरचे सगळे खूश झाले. धांडे एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि युवराजचा जिगरी दोस्त. दोस्त असल्यामुळे त्याने सोसलंही तेवढंच. एकदा युवराजने त्याच्या फाटकावर 'येथे जुन्या कवळ्या योग्य भावात घेतल्या जातील' अशी पाटी लावली होती, आणि तीन म्हातारे खरंच कवळ्या रुमालात बांधून आले होते. धांडेने त्यांना चहा पाजून परत पाठवलं आणि पाटी तशीच ठेवली. म्हणाला, माणसं येतात, बरं वाटतं.

धांडेला एक गोष्ट मात्र माहीत नव्हती. युवराजला कारलं कडू लागतच नव्हतं. लहानपणी आई कारल्याची भाजी करायची तेव्हा बाकीची भावंडं तोंड वाकडं करायची आणि हा दोनदा वाढून घ्यायचा. कारलं त्याला काकडीसारखं, थोडं गवतासारखं लागायचं. म्हणजे हरलो तरी आपलं काय जातंय, असा हिशेब करूनच गडी पैज लावत होता.

युवराज आणि सायराबाई दोघंही एमआयडीसीतल्या रसाच्या कंपनीत चाखायच्या कामाला होते. दुधी, कोहळा, काकडी, सगळ्याचे रस तिथून बाटलीबंद होऊन पार नागपूर-हैदराबादपर्यंत जायचे. आता तुम्ही म्हणाल, एवढी यंत्रं असताना चाखायला माणसं कशाला? तर त्याचं असं आहे. यंत्राला जे शिकवलंय तेच ते ओळखतं. अमुक विष, तमुक औषध, नाव सांगा, ते शोधून देतं. पण ज्याचं अजून नावच ठेवलेलं नाही ते यंत्राच्या नाकाखालून जातं, आणि जिभेला लागतं. आपल्या आया दुधी चिरायच्या आधी देठाकडचा तुकडा तोंडात टाकून बघायच्या ना, तेच हे. कडू दुधी माणूस मारू शकतो, हे त्यांना कुणी कॉलेजात शिकवलं नव्हतं.

तर कंपनीत पाच जिभा होत्या. नियम असा, की पाचातल्या एकानेही 'कडू' म्हटलं तरी माल थांबायचा आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत जायचा, तिथे त्याचा कण न् कण सोडवून बघायचे. त्यात आठवडा मोडायचा.

आणि सायराबाई सारख्या 'कडू' म्हणायच्या.

बाई सातपुड्याच्या पायथ्याच्या. आवाज मोठा, मत त्याहून मोठं. माल पुण्याला जायचा आणि बहुतेक वेळा 'काही दोष नाही' म्हणून परत यायचा. बाईंना त्याचं काही नाही. "माझ्या तोंडाला लागलं ते मी सांगितलं," म्हणायच्या. "तुमच्या पुण्याच्या तोंडाचं मला काय विचारता?" बाकीचे चौघं एकाच पट्ट्यातले, एकच वरण-बट्टी आणि एकच भरीत खाऊन वाढलेले. ते घोट घ्यायचे, एकमेकांकडे बघायचे आणि मान हलवायचे. सायराबाई डोळे मिटून, घोट तोंडात घोळवून, सगळ्यांचा चहा थंड होईपर्यंत विचार करायच्या.

त्यातच 'एकमत' आलं.

एकमत म्हणजे एक मशीन. टिकलीएवढा चिकटपट्टीचा तुकडा जबड्याखाली लावायचा, एक कानामागे. घोट गिळताना जबड्याचे स्नायू किती आवळले, लाळ किती सुटली, कातडीला घाम आला का, सगळं ते टिपायचं. मुळात ते खोटं पकडायला केलं होतं. कंटाळलेला माणूस तोंडाने 'ठीक' म्हणतो पण घसा नको म्हणत असतो, ते कळावं म्हणून. पण वापरता वापरता वरच्या ऑफिसात कुणाच्या तरी लक्षात आलं, की ज्या गटातल्या माणसांची अंगं सारखी बोलतात त्या गटाचं काम झपाझप होतं. भांडण नाही, माल अडकत नाही. मग मशीन मोजायचं सोडून निवडायला लागलं. भिंतीवर दिवा बसवला. सगळ्यांचं जुळलं की हिरवा, कुणी सुराबाहेर गेलं की पिवळा. दर पिवळ्याला त्या माणसाच्या नावापुढे खूण पडायची, आणि खुणा भरल्या की त्याच्या जागी जुळणारा माणूस शोधायचा.

सायराबाईंमुळे दिवा कायम पिवळाच असायचा. त्यांची खुर्ची डळमळीत होती हे सगळ्यांना माहीत होतं. धाकट्या मुलीचं नर्सिंगचं शिक्षण त्या खुर्चीवर चाललं होतं, हेही माहीत होतं.

पैजेनंतरच्या मंगळवारी युवराज लवकर गेला. भरताचे दिवस होते, थंडी कडक. नवीन बियाण्याच्या दुधीचा पहिला रस त्या दिवशी चाखायचा होता. कंपनीने ते वाण शेतकऱ्यांना द्यायचं ठरवलं होतं. कमी पाण्यात येणारं, कीड न लागणारं. चाखणाऱ्यांच्या नंबरच्या बाटल्या मांडून ठेवलेल्या. युवराजने सायराबाईंची पाच नंबरची बाटली उचलली, रस मोरीत ओतला, बाटली एकदा खळखळून विसळली आणि फिल्टरचं पाणी भरून ठेवली.

चाखायच्या खोलीत लाल दिवा असतो, रंग बघून मत बनू नये म्हणून. कपाला झाकण, झाकणाला भोक. पाचही जणांनी घोट घेतला. चौघांनी मान हलवली.

सायराबाईंनी डोळे मिटले. उघडले.

"हे पाणी आहे," त्या म्हणाल्या. "पाणी पाजता का रे मला? आणि तेही कडू."

युवराजला हसू आवरेना. बाकीच्या तिघांना त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, तेही खो-खो हसत सुटले. पाणी आहे हे बाईंना कळलं होतं, आणि तरी त्यांनी कडू म्हटलं होतं. याहून चांगली पैज जिंकता आली नसती.

"हसा," सायराबाई म्हणाल्या. त्यांनी आणखी एक घोट घेतला, पुन्हा तोंडात घोळवला आणि बेसिनमध्ये थुंकला. "कडूच आहे."

भिंतीवर दिवा पिवळा झाला होता. नियमाप्रमाणे माल थांबायला हवा होता, आणि मशीनने सायराबाईंच्या नावापुढे शेवटची खूण केली होती.

ते बघून युवराजचं हसू उतरलं. मस्करी करणारा असला तरी मनाचा वाईट नव्हता. कुणाची भाकरी जावी असं त्याच्या डोक्यात नव्हतं. तो तडक डॉक्टर ईशा वाणींच्या केबिनमध्ये गेला. वयाने लहान, पण चाखणीचं सगळं त्या बघायच्या.

"मॅडम, आजचा पिवळा धरू नका. मी मस्करी केली. सायराबाईंच्या बाटलीत नुसतं पाणी होतं. त्यांची काही चूक नाही."

ईशा मॅडमनी स्क्रीनकडे बघितलं. "फेगडे काका, पाणी होतं?"

"आईशप्पथ. फिल्टरचं."

"आणि त्यांनी ते कडू म्हटलं."

युवराजने मान डोलावली.

"मग तर संपलंच," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनाही बरं वाटत नव्हतं. "त्यांनी रस चाखलाच नाही, म्हणजे आजचं त्यांचं मत बाद. चौघांचं 'ठीक' आहे, माल पास. पण पाण्याला कडू म्हणणारी जीभ मी खुर्चीवर कशी ठेवू? वर काय सांगू?"

वाचवायला गेला आणि पुरावाच देऊन आला.

सायराबाईंना पॅकिंगला टाकलं. पगार कमी. त्यांनी भांडण केलं नाही, तेच सगळ्यांना विचित्र वाटलं. त्या संध्याकाळी त्या युवराजच्या दारात आल्या, पण आत नाही आल्या. त्याची बायको कमल आणि सायराबाई दर उन्हाळ्यात मिळून पापड लाटायच्या. कमल म्हणाली, "या ना सायराबाई, चहा टाकते."

"नको. एकच विचारायला आले. युवराजभाऊ, बाटली तुम्ही विसळली होती का?"

"विसळली होती ना."

"किती वेळा?"

"आता मोजतं का कुणी? विसळली."

बाईंनी मान हलवली आणि गेल्या. कमलने त्या रात्री ताट वाढलं आणि आत निघून गेली. पुढे पापडाचे दिवस आले तेव्हा तिने पीठ एकटीनेच मळलं.

रविवारी बाजाराच्या वेळी धांडेने शब्द पाळला. चार्जिंगच्या खांबापाशी उभा राहिला, हातात टवटवीत कारलं. कंडक्टरच्या आवाजात ओरडला, "चला, पुढे सरका, जागा भरपूर आहे." लोक हसले. पहिल्या घासाला त्याचे डोळे भरले. दुसऱ्याला नाक वाहायला लागलं. तिसऱ्याला तो खाली बसला, पण देठापर्यंत संपवलं. कुणीतरी गूळ पुढे केला.

"हरलास की नाही?" युवराजने विचारलं.

"हरलो," धांडे डोळे पुसत म्हणाला. "पण ती बाई खोटं नाही बोलत, युवराज. वीस वर्षं तिकिटं फाडली मी. फुकट जाणारा माणूस मला चेहऱ्यावरून कळतो."

सायराबाईंच्या खुर्चीवर फेगड्यांच्याच भावकीतला एक जण आला. त्याची जीभ बाकीच्यांशी अशी जुळली की भिंतीवरचा दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. सकाळी पाच घोट, पाच माना, चहा गरम असतानाच काम खतम. महिनोन् महिने माल पुण्याला गेला नाही. मुंबईहून साहेब आले, पाचांना हार घालून फोटो काढला, कंपनीच्या सगळ्या शाखांत लावला. खाली लिहिलं होतं: 'पाच माणसं, एक मन.' युवराजने त्याखाली पेनने 'आणि एकच डोकं, तेही आळीपाळीने' असं लिहिलं. लोक पोट धरून हसले. कुणी पुसलं नाही.

खरं सांगायचं तर खोलीत कंटाळा यायला लागला होता. पूर्वी सायराबाईंशी वाद व्हायचा. त्यांना पटवायला म्हणून का होईना, बाकीचे दुसरा घोट घ्यायचे. आता दुसरा घोट घ्यायचं कारणच उरलं नव्हतं.

वैशाख लागला. ऊन असं की डांबरावर चप्पल चिकटावी. नवीन वाण आता सगळ्या तालुक्यात लागलं होतं आणि पाणी कमी पडत होतं. दुधीच्या जातीच्या वेलांचं एक असतं. त्यांना तहान लागली, ऊन सोसेना, की ते स्वतःला वाचवायला फळात कडूपणा भरतात. थंडीत जे थेंबभर असतं ते उन्हाळ्यात वाटीभर होतं. आणि या वाणाचा कडूपणा नवा होता. त्याचं नाव अजून कुठल्याच यंत्राला शिकवलेलं नव्हतं.

धांडे रोज सकाळी दुधीचा रस प्यायचा, ब्लडप्रेशरसाठी. कंपनीची बाटली युवराजच आणून द्यायचा, कामगारांच्या भावात. त्या दिवशी दोघं धांडेच्या ओट्यावर बसले होते. धांडेने एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"आज जरा कडू लागतंय रे."

"आण इकडे." युवराजने घोट घेतला. गार, गोडसर, काकडीसारखं. "कुठे कडू? कालच पास केलाय हा माल. पाचही जणांनी. दिवा बघायचा होतास, कैरीसारखा हिरवा."

"नाही रे, आहे. मागे, घशाकडे."

"तुला सायराबाईंची हवा लागली," युवराज म्हणाला. "उद्या पाणीही कडू लागेल. मग आणू का आणखी एक कारलं?"

धांडे हसला. लाजल्यासारखा हसला. मग ग्लास उचलला, डोळे मिटले, एका दमात संपवला आणि मिशीवरून हात फिरवला.

"घे. औषध समजून प्यालो. झालं समाधान?"

दुपारपर्यंत धांडेला उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळी रक्त पडलं. जळगावच्या दवाखान्यात अतिदक्षता विभागात ठेवला. युवराजच्याही पोटात एका घोटाने कळ आली होती. त्याने ती उन्हावर घातली होती. टीव्हीवर बातम्या यायला लागल्या. अकोला, नागपूर, निजामाबाद. पुष्कळांनी कडू लागल्यावर बाटली फेकून दिली होती, ते वाचले. ज्यांना लागलं नाही, किंवा ज्यांना कुणी समजावलं, ते दवाखान्यात होते. नागपूरला एक आजी गेली. नातवाने सांगितलं, ती कडू कडू म्हणत होती, आम्हीच म्हटलं कंपनीचं आहे, चांगलं असतं, पी.

युवराजने टीव्ही बंद केला. नंतर पुन्हा लावला.

कंपनीला टाळं लागायच्या आधी ईशा मॅडमनी पाचही जणांना बोलावलं. लाल दिव्याच्या खोलीत नाही, साध्या उजेडात. टेबलावर कागदाच्या बारीक पट्ट्या होत्या. प्रत्येकाने एक जिभेवर ठेवायची. पाचही जणांनी ठेवली.

"काय लागतंय?"

"कागद," युवराज म्हणाला.

"कागद," बाकीचे म्हणाले.

मॅडमनी स्वतः एक पट्टी जिभेला लावली आणि तोंड असं केलं की बघवेना. पाणी प्यायल्या. मग बोलल्या.

"जिभेवर कडूसाठी वेगवेगळी कुलपं असतात, काका. एकेक कडू पदार्थ म्हणजे एकेक किल्ली. किल्ली कुलपात फिरली की कडू लागतं. कुलपं आईबापाकडून येतात, आणि एखादं कुलूप एखाद्याचं जन्मतःच गंजलेलं असतं. त्याने काही बिघडत नाही. पाच माणसं पाच ठिकाणची असली तर एकाचं गंजलेलं, दुसऱ्याचं चालू. सांभाळून घेतलं जातं. आपण मशीनला सांगितलं, ज्यांचं जुळतं त्यांना ठेव. त्याने ठेवले. तुमचं पाचांचं जुळत होतं कारण पाचांचं तेच एक कुलूप गंजलेलं आहे. दिवा हिरवा होता, काका, पण पाचांना काही लागत नव्हतं म्हणून हिरवा होता."

"कारलं," युवराज म्हणाला.

"काय?"

"मला कारलं कडू लागत नाही."

"हो," मॅडम म्हणाल्या. "तेच कुलूप असणार."

युवराजने विचारलं, "मॅडम, ती थंडीतली बाटली. पाच नंबरची."

"चाखणीची प्रत्येक बाटली आपण वर्षभर फ्रीजरमध्ये ठेवतो. ती तपासून आले." त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. "तुम्ही विसळली होती, पण आत थोडा रस राहिला होता. नखाएवढा. तेवढाही सायराबाईंना लागला. त्या दिवशी त्यांचं मत धरलं असतं तर माल पुण्याला गेला असता आणि हे बियाणं शेतात गेलंच नसतं. मी बाद केलं ते मत. तुम्ही सांगितलं आणि मी बाद केलं."

मॅडम सायराबाईंच्या घरी जाऊन आल्या. काय बोलणं झालं ते सगळ्या गल्लीला कळलं, कारण बाईंचा आवाज तसाच होता. मॅडम म्हणाल्या, तुमचं बरोबर होतं. बाई म्हणाल्या, "माझं नेहमी कुठे बरोबर असतं? सतरा वेळा चुकले मी. चुकले तर आठवडा गेला तुमचा. एवढंच जायचं होतं ना?" पुढे दुसऱ्या एका रसाच्या कंपनीतून त्याच कामाला बोलावणं आलं तेव्हा त्या नाही म्हणाल्या. मुलीने शिक्षण अर्ध्यात सोडून भुसावळला दुकानात नोकरी धरली होती, आणि आता ती परत जायला तयार नव्हती.

धांडे वाचला. पण दवाखान्यातून आला तो निम्मा होऊन. आतडी सोलवटली होती. डॉक्टरांनी सांगितलं, आता कायम पेज, मऊ भात, ताक. भरीत नाही, ठेचा नाही. थंडीत शेतात काट्याकुट्यांवर वांगी भाजायला सगळ्यांत पुढे असणारा माणूस.

तो घरी आला त्याच्या पुढच्या रविवारी, ऐन बाजाराच्या गर्दीत, युवराज कारलं घेऊन चार्जिंगच्या खांबापाशी उभा राहिला. कमलने धांडेला हाताला धरून आणून बाकावर बसवलं होतं. माणसं जमली. युवराज उभा राहिला की माणसं जमायचीच, काहीतरी गंमत असणार म्हणून.

"थंडीत पैज लागली होती," युवराज म्हणाला. "सायराबाई साध्या पाण्याला कडू म्हणतील, असं मी म्हटलं होतं. मधुकर नाही म्हणाला होता. ते पाणी साधं नव्हतं. म्हणजे मधुकर जिंकला होता. त्याने फुकट खाल्लं. हरलो मी."

त्याने कारल्याचा मोठा घास घेतला आणि चावायला लागला.

लोक वाट बघत होते. तोंड वाकडं होईल, डोळे भरतील. काही झालं नाही. युवराज चावत होता, काकडी चावावी तसा.

"सोंग करतोय," मागून कुणीतरी म्हणालं. "साखरेत घोळवलंय."

"कारलं नसेलच ते."

हशा झाला. युवराज हसला नाही. "नाही लागत मला," तो धांडेला म्हणाला. "खरंच नाही लागत रे."

"मी रडलो होतो," धांडे म्हणाला. आवाज बारीक झाला होता. "असं कसं फेडणार तू?"

 उभ्या जन्मात युवराजने इतकं खरं काही सांगितलं नव्हतं, आणि गर्दीतला एकही माणूस मानायला तयार नव्हता. त्याने दुसरा घास घेतला. मग तिसरा.

सायराबाई भाजीची पिशवी घेऊन कडेला उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. पिशवी कमलच्या हातात दिली, युवराजच्या हातातलं कारलं घेतलं आणि देठाकडचा तुकडा मोडून तोंडात टाकला. डोळे मिटले. तोंडात घोळवला, नेहमीसारखा, सगळ्यांना ताटकळत ठेवून. हळूहळू त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या, गाल आत गेले, मिटल्या डोळ्यांच्या कडांना पाणी आलं.

त्यांनी तुकडा बाजूला थुंकला.

"कारलंच आहे," त्या लोकांना म्हणाल्या. "कडू आहे. खूप."

मग उरलेलं कारलं युवराजच्या हातात परत दिलं. "खा. संपवा."

हसायचं थांबलं होतं. युवराज खात राहिला, अगदी सावकाश, आणि सगळा वेळ सायराबाईंच्या तोंडाकडे बघत राहिला, कारण आपण काय खातोय ते त्याला तिथूनच कळत होतं.